घासलेटी पुस्तके

घासलेट म्हटले की आपल्याला रेशनची रांग आठवते. हिंदीत मात्र पुस्तकेही घासलेटी असतात. 'विशाल भारत'चे संपादक बनारसीदास चतुर्वेदी यांनी हा शब्द गाजवला, आणि त्यांचा रोख होता पांडेय बेचन शर्मा 'उग्र' यांच्या 'चॉकलेट' या १९२७ सालच्या कथासंग्रहावर. विषय होता पुरुषांचे पुरुषांवरील प्रेम. उग्र सांगत, मी या गोष्टीविरुद्धच लिहितो आहे. पुस्तकावर टीका झाली आणि ते खपलेही. गांधीजींनी वाचले, तेव्हा त्यांना ते अश्लील वाटले नाही.

अमेरिकेतही निराळे नव्हते. १९५२ साली दोन मुलींच्या प्रेमावर 'स्प्रिंग फायर' ही पंचवीस सेंटची कादंबरी निघाली. टपालखाते पुस्तके अडवील म्हणून प्रकाशकाने आधीच बजावले होते, शेवट सुखाचा नको!

आता घरातली गोष्ट. माझा थोरला आतेभाऊ बऱ्हाणपूरचा. तापीकाठचे हे शहर मध्य प्रदेशात, पण तिथे मराठी सहज कानावर पडते. दादा यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहायचा. लग्न केले नाही. दोनेक वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा कपाटात हिंदी पॉकेट बुकांच्या मागे 'चॉकलेट' दिसले. मी चाळत बसलो. तो म्हणाला, "शिव्याच आहेत रे त्यात. पण शिवी द्यायला तरी समोर माणूस लागतो ना? विसाव्या वर्षी मला वाटायचं, असा मी एकटाच."

आत्याने त्याच्यासाठी पाहिलेल्या मुली मला आठवल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ च्या कचाट्यातून अशा माणसांना सोडवले, तेव्हा दादाने पन्नाशी ओलांडली होती.

गोव्याला परतल्यावर मी त्याला सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' पाठवली. भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, अशी ही कादंबरी २००६ साली मौजेने काढली. चार दिवसांनी दादाचा फोन आला. कथेबद्दल तो काहीच बोलला नाही. "ही मौजेची आहे?" एवढेच त्याने दोनदा विचारले.

मौजेची पुस्तके आत्याच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात असायची. पुढच्या रांगेत.