चावीबरोबर बसही हवी

घर गमावलेल्या किंवा हातचं काम सुटलेल्या माणसाला काय द्यावं, ही चर्चा आपल्याकडे छप्पर, रेशन आणि रोजगार यांवर येऊन थांबते. प्रवासाचा विषय निघालाच तर सवलतींच्या यादीत, शेवटी. हा क्रमच मला चुकीचा वाटतो. ठरल्या वेळी येणारी, परवडणारी गाडी नसेल तर मिळालेलं घर सुटतं आणि कामही टिकत नाही.

मुंबईने हे टाळेबंदीत पाहिलं. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली आणि २१ ऑक्टोबरपासून सगळ्या महिलांना मुभा मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतरच. या वेळा नालासोपाऱ्याहून अंधेरीला घरकामाला येणाऱ्या बाईच्या दिवसाला लावून पाहा. तिचं पहिलं घर सकाळी आठचं. भांडी, केर-लादी, पोळ्या उरकल्या की त्या घरातली माणसं आपल्या कामाला लागतात. अकरानंतरची गाडी धरून ती पोहोचणार बाराच्या सुमाराला. तोवर भांडी कुणीतरी घासलेली असतात, आणि महिनाभर असं चाललं की जवळच्या वस्तीतली दुसरी बाई लावली जाते. १ फेब्रुवारी २०२१ पासून लोकल सर्वांना खुली झाली, तीही पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. म्हणजे सहाला सुट्टी झालेल्या बिगाऱ्याने तीन तास फलाटाबाहेर काढायचे. संसर्ग रोखायला निर्बंध हवेच होते, याबद्दल माझा वाद नाही. पण गाडी धावत असूनही काम जाऊ शकतं, हे त्या वेळापत्रकाने दाखवून दिलं.

घराचंही तसंच. अहमदाबादमध्ये १९८७ साली झोपडपट्टीत राहणाऱ्या विडी कामगार बायकांसाठी सोडत काढून शहराच्या कडेला, जवळपास बारा किलोमीटरवर, चांगली घरं देऊ केली गेली. चौदा वर्षांनंतरचं चित्र बार्नहार्ट, फील्ड आणि पांडे या अर्थतज्ज्ञांनी तपासलं. सोडत लागलेल्यांपैकी ३४ टक्के तिथे राहायला गेलेच नव्हते आणि आणखी ३२ टक्के काही काळाने निघून गेले होते. कुटुंबाच्या उत्पन्नात फरक पडला नव्हता. यावर कुणी म्हणेल, अभ्यासकांनी बोट ठेवलंय ते नातलग आणि जातभाई दुरावण्यावर. बसचा इथे काय संबंध? माझ्या मते संबंध आहेच. अडीनडीला हजार रुपये उसने देणारी बहीण बारा किलोमीटरवर असेल आणि रात्री परतीची बस खात्रीची असेल, तर ती दुरावत नाही. सगळी माणसं बसमुळे थांबली असती असा माझा दावा नाही, पण बरीच थांबली असती असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप पैशांचा. एसटी तोट्यात आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणखी काय द्यायचं? अर्धं तिकीट योग्यच आहे. पण ते बस आली तरच कामाला येतं. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात खेड्यापाड्यांना वडाप, म्हणजे खासगी जीपच उरली होती, आणि वडाप भरल्याशिवाय हलत नाही. सासर सोडून माहेरी आलेली बाई तालुक्याच्या दुकानात कामाला लागली, तर तिला नऊला हजर व्हायचं असतं आणि अंधाराआधी घरी परतायचं असतं. गाडी भरेपर्यंत थांबणं तिला परवडत नाही. बसचा तोटा महामंडळाच्या ताळेबंदात दिसतो; तिचा बुडालेला रोज कुठल्याच वहीत चढत नाही. दोन्ही एकत्र मांडले तर रिकामी धावणारी सकाळची बस मला तितकी महाग वाटत नाही. शिवाय एका ठिकाणी बांधलेली घरं ओस पडतात आणि माणसं पुन्हा रुळांलगत झोपड्या टाकतात, तो खर्चही शेवटी सरकारच्याच माथी येतो.

म्हणून पुनर्वसनाच्या इमारतीत चाव्या वाटण्याआधी तिथून बस सुरू झालेली असावी, अशी अट मला हवी आहे. पहिली बस पहाटे साडेपाचच्या आत, शेवटची रात्री दहानंतर, आणि प्रवासी कमी म्हणून ती पहिली पाच वर्षं तरी बंद करता येऊ नये. हे ताबापत्रातच लिहिलेलं असावं, पाण्याच्या आणि विजेच्या जोडणीच्या ओळीखाली.