बाळाच्या लोशनमधलं 'खरजेचं औषध'

सुट्टीत परदेशातून कुणी बडोद्याला आलं की बॅगेतून चॉकलेटं आणि क्रीमच्या बाटल्या निघतातच. या वेळी जर्मनीतल्या चुलत बहिणीनं आणलेल्या लोशनवरून आमच्या वासण्याच्या घरात चर्चा पेटली. वहिनींनी लेबलवरचं एक नाव मोबाईलवर शोधलं आणि विचारलं, "भाऊजी, बेंझिल बेंझोएट तर खरजेचं औषध! सहा महिन्यांच्या पोरीला हे लावायचं?"

मी सॉफ्टवेअरवाला, केमिस्ट्री बीईच्या पहिल्या वर्षीच सुटली. पण प्रश्न रास्त होता, म्हणून वाचत बसलो.

खरजेच्या लोशनमध्ये हेच असतं, पण तब्बल २५ टक्के. सुगंधात ते किंचित असतं आणि कामही वेगळं. आम्ल आणि अल्कोहोल जोडून पाणी बाजूला पडलं की एस्टर होतो. पिकलेल्या केळ्याचा वास हाही एस्टरचाच. बेंझिल बेंझोएटला स्वतःचा वास जेमतेम. ते ३२३ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे उडायला महाआळशी. त्यामुळे सोबतच्या चंचल वासांना ते धरून ठेवतं. जाईच्या अर्कात तर ते मुळातच असतं, तेव्हा 'नैसर्गिक' या शब्दावर फार विसंबू नका.

अंगात शिरलेला थोडा अंश शरीर तोडतं. त्यातून निघणाऱ्या बेंझोइक आम्लाचाच क्षार विकतच्या लोणच्यात टिकण्यासाठी घालतात. उरलंसुरलं लघवीवाटे जातं. तरी वहिनींना म्हटलं, लोशन तुम्ही वापरा, बाळाला बिनवासाचंच आणू. तिला सुगंध हवाय कशाला? तो आपल्या हौसेचा.

मग लेबलवर नाव का? काहींना त्याची अॅलर्जी होते, आणि एकदा झाली की बहुधा कायमची. म्हणून युरोपात २००५ पासून अशा २६ सुगंधी घटकांची नावं छापावी लागतात: अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याहून जास्त असेल तर, धुऊन जाणाऱ्या साबणात ०.०१ टक्क्याहून जास्त असेल तर. म्हणजे क्रीमच्या किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम! २०२३ च्या नियमानं ही यादी ८० च्या पुढे नेली.

आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर नुसतं 'परफ्यूम' लिहिलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. मला नाव छापणारी बाटलीच बरी वाटते. नवं क्रीम किंवा अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहा. खाज सुटली तर बंद करा, आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या.