पुस्तिका आणि अंदाजपत्रक

गाडीला दोन हृदये, म्हणून वैद्याची दर्शनीही दुप्पट, असा आमच्या नारायणगुड्यात समज आहे. आमची गाडी हायब्रिड. पेट्रोलचे इंजिन आहे, विजेची मोटारही आहे. विक्रेत्याच्या कार्यशाळेने वार्षिक देखभालीच्या अंदाजपत्रकात इंजिनाची अंतर्शुद्धी, ब्रेकची सफाई, वातानुकूलकाचे निर्जंतुकीकरण असे उपचार मांडले, तेव्हा आम्ही गाडीतली पुस्तिका उघडली. तिच्या कोष्टकात यांपैकी एकही नव्हता. ब्रेकचे तर उलटच! वेग उतरताना मोटारच जनित्र बनून बॅटरी भरते, त्यामुळे ब्रेक-पॅड झिजतात कमी.

जिची खरी निगा हवी, ती वस्तू यादीत नव्हतीच. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरीला थंड ठेवणारी हवा मागच्या आसनाजवळच्या जाळीतून जाते. शहराची धूळ तेथे साचली की बॅटरी तापते, तिचे आयुष्य घटते. जाळी पुस्तिकेप्रमाणे साफ करावी, तिच्यापुढे उशा रचू नयेत. (उशांवरून आमच्या घरी मतभेद आहेत.) नारिंगी तारांना मात्र हात लावू नये, तेथे प्राणाशी गाठ आहे.

‘बाहेर काम केलेत तर हमी गेली,’ असेही ऐकवण्यात आले. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार-कंपन्यांविरुद्ध दिलेल्या निर्णयात अशा सरसकट अटीस मनाई केली होती. प्रकरण पुढे अपिलांत गेले. बॅटरीची हमी आठ वर्षांची, आमचे उत्पन्न पेन्शनीचे. तेव्हा वाद न घालता तेल आम्ही तेथेच बदलतो आणि पावत्या जपतो. यंदा पाच ओळींवर काट मारून सही केली. सल्लागार महाशयांनी मुकाट्याने नवे अंदाजपत्रक काढले.