जून ते दिवाळी

नाशिक

प्रिय भाचेबुवा,

तुझ्या कंपनीतल्या मंडळींनी आश्रमशाळेतून बारावी झालेल्या मुलांना लॅपटॉप द्यायचं ठरवलंय, हे वाचून बरं वाटलं. यादी तू मागितलीस, ती मिळेल. पण त्याआधी ही मुलं बारावीनंतर नेमकी कुठे अडकतात ते वाच.

राज्यात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या घरात आहेत आणि अनुदानित त्याहून थोड्या जास्त. नंदुरबारचा भिल्ल, पालघरचा वारली, रायगडचा कातकरी, भामरागडचा माडिया, अशी मुलं कोवळ्या वयापासून तिथे राहतात. जेवण, गणवेश, वह्या, अंथरूण-पांघरूण सगळं शाळा बघते. (कसं बघते, हा वेगळा विषय; त्यावर वर्तमानपत्रं दर पावसाळ्यात लिहितात.) फॉर्म आला की गुरुजी भरून घेतात, सही कुठे करायची ते अधीक्षक दाखवतात. मग बारावीचा निकाल लागतो, आणि सतरा-अठरा वर्षांचं पोर दाखला घेऊन फाटकाबाहेर पडतं. शाळेच्या पटावरून नाव गेलेलं असतं, कॉलेजच्या पटावर यायचं असतं. शाळांची आकडेवारी यू-डायस नावाच्या सरकारी नोंदीत जाते, कॉलेजांची आयशे नावाच्या. मधल्या चार महिन्यांत जो गळाला, तो कुणाच्याच वहीत नाही.

पैशांची सोय सरकारने केलेली नाही असं नाही. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला तिच्यात वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले: जेवणाचे ३२,०००, खोलीचे २०,००० आणि वरखर्चाला ८,०००. योजना चांगलीच आहे. अडचण क्रमाची आहे. आधी कॉलेजात प्रवेश हवा, त्याचं बोनाफाईड हवं, वसतिगृहाची यादी लागायला हवी, मग अर्ज, मग पडताळणी. हप्ता खात्यात पडेपर्यंत बऱ्याचदा दिवाळी उजाडते. खोलीवाला मात्र अनामत जुलैतच मागतो, आणि खाणावळवाली आगाऊ महिना. त्या दिवसांत गावात आवणी चाललेली असते, घरात रोकड नसते.

पैसे उशिरा येण्याची भीती काय असते ते मुलांनीच सांगून झालंय. २०१८ मध्ये वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा जुलैच्या पावसात ही मुलं पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाली होती.

जात पडताळणीचं प्रकरण तर कादंबरीचा ऐवज आहे. इंजिनिअरिंग, मेडिकल अशा अभ्यासक्रमांना राखीव जागेवर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातींसाठी पुरावा हवा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, म्हणजे आजोबा-पणजोबांचा. शाळेच्या जनरल रजिस्टरातली नोंद भक्कम मानतात. आता ज्या कातकरी आजोबांची हयात कोळशाच्या नि विटांच्या भट्ट्यांवर गेली, ते शाळेत कधी जाणार होते? मग कोतवालबुकातला गाव नमुना नंबर १४ शोधा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले वाळवी लागलेले कागद चाळा. नोंद मोडीत निघाली तर मोडी वाचणारा माणूस शोधा.

हा काच उगाच आलेला नाही, हेही ध्यानात ठेव. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या नोकऱ्या इतक्या जणांनी बळकावल्या, की ६ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाला जगदीश बहिरा खटल्यात अशा नोकऱ्यांना संरक्षण नाही असं बजावावं लागलं. पुढे राज्य सरकारने अशांना अधिसंख्य, म्हणजे जादाच्या, पदांवर नेलं. तेव्हा आकडा बोलला जात होता १२,५०० पदांचा. चोरासाठी बसवलेलं कुलूप घरमालकाच्याच पोराला उघडेना, अशी ही गत आहे.

आता तालुक्याच्या गावातलं झेरॉक्सचं दुकान डोळ्यांसमोर आण. नंदुरबारकडचा एक मुलगा महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलाय. रबर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधार. आधारला जोडलेला नंबर थोरल्या भावाचा, आणि भाऊ गुजरातेत कामाला. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. फोन लागत नाही. रिचार्ज संपला असावा. दुकानदार दोनदा प्रयत्न करतो आणि म्हणतो, ‘उद्या ये, पुढचा घेऊ दे.’ उद्या यायचं म्हणजे पुन्हा जीपचं भाडं. त्या दुकानात लॅपटॉपची कमतरता नसते रे!

भामरागडची तऱ्हा आणखी न्यारी. गडचिरोली तिथून पावणेदोनशे किलोमीटर. प्रवेशाच्या फेऱ्या चालतात ऐन जुलै-ऑगस्टात, आणि त्याच दिवसांत पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून जाऊन भामरागडचा संपर्क तुटत आलाय. हेमलकशाच्या आश्रमशाळेतून माडिया मुलं डॉक्टर, शिक्षक झाली, ती अंगच्या हुशारीवर, यात शंका नाही. पण बाहेर त्यांचं बोट धरणारं कुणीतरी होतं, हेही तेवढंच खरं.

सत्कार समारंभात एकच नाव घेतलं जातं, डॉ. राजेंद्र भारूड यांचं. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा भिल्ल मुलगा, अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकला, मुंबईत जी. एस. मेडिकलला एमबीबीएस झाला, २०१३ च्या तुकडीत आयएएस झाला आणि पुढे नंदुरबारचाच जिल्हाधिकारी. गोष्ट सोन्यासारखी आहे. पण भाषण संपल्यावर ओटीपीचा प्रश्न होता तिथेच असतो.

त्यापेक्षा राजू केंद्रे यांच्या एकलव्य फाउंडेशनचं काम पाहा. यवतमाळकडून सुरू झालेली ही मंडळी पहिल्या पिढीच्या मुलांना अझीम प्रेमजी विद्यापीठ, टाटा सामाजिक विज्ञान संस्था अशा ठिकाणच्या प्रवेशासाठी तयार करतात. मार्गदर्शनाला असतात तिथेच शिकून गेलेले. किंवा ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’: पुण्याच्या बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला नीटचा वर्ग. आदल्या वर्षी गेलेला पुढच्याला घेऊन जातो, हे मला कुठल्याही सीएसआर निधीपेक्षा मोलाचं वाटतं.

नोकरीचं थोडक्यात. पाड्यावर पगारदार दिसतात ते गुरुजी, तलाठी, वनरक्षक, आरोग्यसेवक; म्हणून मुलंही तेच व्हायचं म्हणतात. नेमक्या ह्याच पदांची १७ संवर्गांतली पेसा भरती, म्हणजे आदिवासी क्षेत्रांसाठीची भरती, न्यायालयात अडकली. ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी आमदारांसह मंत्रालयातल्या जाळीवर उड्या घेतल्या, त्यामागे ही भरती करा, अशीही मागणी होती. नंतर निवड झालेल्यांना मानधनावर घेतलं. पण खासगी कंपनीत ट्रेनी म्हणून शिरता येतं, हे त्या पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते तुम्ही सांगू शकता.

तेव्हा तुझ्या साहेबांना विचार: लॅपटॉपच्या रकमेतून खोलीच्या अनामतीसाठी फिरता निधी ठेवता येईल का? हप्ता आला की मुलाने परत करायचा, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. आणि जूनपासून दिवाळीपर्यंत फोन उचलतील अशी चार माणसं मिळतील का? एकेकाने पाच-पाच मुलं घेतली तरी पुष्कळ. लॅपटॉप दिवाळीनंतर द्या, प्रवेश टिकलेल्यांना.

त्या चौघांची नावं मे अखेरपर्यंत कळव, म्हणजे अधीक्षकांना त्यांचे नंबर आधीच देऊन ठेवता येतील. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा