माझे पाच नियम

मुले माझ्या पाठीमागे मला ‘पीनल कोड’ म्हणत, हे मला निवृत्त झाल्यावर कळले. वाईट वाटले नाही. नाव ठेवणारा मुलगा हुशार असला पाहिजे, एवढेच वाटले. कारण मी इंजिनीअरिंग कॉलेजात तीस वर्षे स्ट्रक्चरल ॲनालिसिस शिकवले आणि दर वर्षी पहिल्या तासाला विषय न शिकवता नुसते नियम वाचून दाखवले.

विषयाचे नाव ऐकून वाचकांनी पान उलटू नये. पुलावरून मालमोटार गेली, गच्चीवर पाण्याची टाकी बसवली, तर तो भार कोणत्या तुळईतून कोणत्या खांबाकडे जातो आणि वाटेत त्या तुळईला किती वाकवतो, याचा आधी कागदावर मांडलेला हिशेब म्हणजे हा विषय. आपण हा अंक ज्या छपराखाली वाचत आहात, त्याचाही असा हिशेब कोणीतरी केलेला असतो. निदान करायला हवा होता!

माझे नियम पाच होते. पहिला : हजेरी शेकडा पंचाहत्तर, आणि घंटा झाली की दार बंद. दुसरा : गृहपाठ सोमवारी सकाळी, मित्रांशी चर्चा खुशाल करा, पण लिहा स्वतः. तिसरा : आधी स्वच्छ आकृती, टेकू काढून त्यांच्या जागी त्यांचे बल दाखवा, मगच गणिताला हात घाला. चौथा : उत्तराचा ताळा हवाच; सगळ्या टेकूंनी उचललेले वजन आणि वरून टाकलेले वजन सारखे आले नाही, तर शून्य. पाचवा : गुणांबद्दल तक्रार असेल तर पेपर मिळाल्यापासून आठ दिवसांत, लेखी.

चौथ्या नियमापाशी मी थांबत असे आणि कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलाची गोष्ट सांगत असे. सेंट लॉरेन्स नदीवरच्या या पुलाचा मुख्य गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता, तो पुढे १८०० फुटांचा केला. गाळा वाढला, म्हणजे पुलाचे स्वतःचे वजनही वाढणार. पण त्याचा हिशेब वेळेवर पुन्हा कोणी मांडला नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच पूल नदीत कोसळला आणि ७५ कामगार गेले. “बेरीज पुन्हा न केल्याचे हे फळ!” असे म्हणून मी खडू खाली ठेवी. वर्ग चिडीचूप होई आणि मला फार समाधान वाटे.

आता माझी गोष्ट. १९९२ च्या सुमारास मी एका चाचणीत दहा गुणांचा एक प्रश्न घातला. तीन टेकूंवर एक सलग बीम. डावा गाळा ४ मीटरचा, उजवा ६ मीटरचा. दर मीटरला २४ किलोन्यूटन भार. प्रत्येक टेकू किती वजन उचलतो ते काढा. पेपर वाटले त्या दिवशी रिवाजाप्रमाणे माझी उत्तरे फलकावर लावली : २७, १२७ आणि ५८.

अकराव्या दिवशी मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा पेपर घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला.

“सर, तिसरा प्रश्न जरा...”

“आज कितवा दिवस?”

“अकरावा, सर.”

“आणि नियम पाचवा?”

त्याने पाढा म्हणावा तसा तो म्हणून दाखवला. मग हळूच म्हणाला, “गावी गेलो होतो, सर. वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं.”

“वडील कसे आहेत?” एवढे विचारायची बुद्धी मला झाली. पण पुढे म्हणालो, “नियम तो नियम.” तो पेपर टेबलावरच ठेवून गेला. सत्राच्या कामाचे त्याचे गुण थोडक्यात कमी पडत होते; हे दहा गेले तर तो परीक्षेला बसू शकणार नव्हता. हे त्याने सांगितले नाही. मीही यादी पाहिली नाही.

रात्री तो पेपर चाळला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते : २७ + १२७ + ५८ = २१२. आणि त्याखाली : भार २४०.

मी चष्मा पुसून पुन्हा बेरीज केली. अठ्ठावीस किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ तीन टन वजन, कोणत्याच टेकूवर नव्हते. चाळीस माणसे मी हवेत उभी केली होती! मधल्या टेकूवर उजवीकडून येणाऱ्या भारात चौदा मिळवायचे, ते मी वजा केले होते. तिथे १२७ नव्हे, १५५ हवे होते; आणि त्या मुलाचे उत्तर १५५ च होते.

दुसऱ्या दिवशी सगळे पेपर मागवले. नऊ जणांचे उत्तर बरोबर होते आणि नऊ जणांना मी शून्य दिले होते. तिघांनी माझ्यासारखीच चूक करून दहापैकी दहा मिळवले होते! पण मला झोंबले ते निराळेच. त्या नऊही जणांनी ताळा घेतला होता, बेरीज २४० आली होती, आणि तरी आठ जण गप्प बसले होते. आपल्या बेरजेपेक्षा त्यांना सरांचा फलक खरा वाटला.

तेव्हा मला क्वेबेकच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आठवला. पूल पडण्याआधी त्याचे लोखंडी भाग वाकलेले लोकांना दिसत होते. पत्रे जात होती, उत्तरे येत होती. पण ज्यांचा शब्द अखेरचा, ते थोर इंजिनीअर दूर न्यूयॉर्कला होते आणि काम चालूच राहिले. दर वर्षी मी मुलांना बेरजेची गोष्ट सांगितली. धाकाची सांगितलीच नव्हती.

वर्गात जाऊन फळ्यावर माझे उत्तर मांडले, खाली लाल खडूने शून्य काढले आणि त्यावर सही केली. तिघांचे दहा गुण तसेच ठेवले. ते शून्य त्यांचे नव्हते. ऑफिसात गेलेली यादी बदलण्यासाठी लेखी अर्ज करावा लागला. अर्जात कारण लिहिले : ‘शिक्षकाची चूक.’ हे दोन शब्द लिहायला मला बराच वेळ लागला. तो मुलगा परीक्षेला बसला आणि पास झाला.

पुढच्या वर्षापासून पहिले चार नियम तसेच राहिले. पाचवा मात्र बदलला : चूक दाखवायला मुदत नाही.

वाचकहो, वरच्या आकड्यांचा आपणही ताळा घेऊन पाहावा. कुठे चुकलो असेन तर अवश्य कळवावे; दिवाळीनंतर कळवले तरी चालेल.