लिब्रेव्हिलचा किनारा

आमच्या मिरजगावात फुटबॉलचं वेड कधीच नव्हतं. आमची आपली कबड्डी. तरी झांबियाच्या टीमची गोष्ट मनातून जात नाही.

२७ एप्रिल १९९३. वर्ल्डकपच्या पात्रता सामन्यासाठी ही टीम लष्करी विमानाने सेनेगलला निघाली होती. गॅबनमध्ये लिब्रेव्हिलला इंधन भरून विमान उडालं आणि लगेच समुद्रात कोसळलं. ३० च्या ३० माणसं गेली, त्यात १८ खेळाडू. कॅप्टन कालुशा ब्वाल्या विमानात नव्हता. तो हॉलंडच्या क्लबकडून खेळायचा, तिकडून परस्पर येणार होता.

सोलापूर रोडला आमच्या संघाची जीप उलटली, तेव्हा मी घरी तापाने फणफणलो होतो. दोघं गेले. त्यातल्या एकाची आई बाजारात भेटली की म्हणते, "तू राहिलास रे बाबा, बरं झालं." तिच्या बोलण्यात बोल नसतो, तरी माझी मान खाली जाते. नंतर मी मैदानाकडे फिरकलोच नाही.

कालुशा मात्र १९९४ साली नवी टीम घेऊन आफ्रिका कपच्या फायनलला गेला. तिथे नायजेरियाने २-१ हरवलं. कप मिळाला तो १२ फेब्रुवारी २०१२ ला, आयव्हरी कोस्टला पेनल्टीत ८-७ हरवून. आणि फायनल कुठे, तर लिब्रेव्हिललाच! तेव्हा कालुशा तिकडच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता. फायनलआधी खेळाडूंनी किनाऱ्यावर जाऊन गेलेल्यांसाठी फुलं वाहिली होती.

कप मिळाला म्हणून गेलेले परत येत नाहीत, हे त्यालाही ठाऊक असणार. तरी तो मैदानात उभा राहिला.

गावातली पोरं रविवारी सराव घ्यायला बोलावताहेत. जाईन म्हणतो. बघू..