ती स्लाइड मी आता दाखवत नाही

गांज्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा आटतो आणि बुद्धी कायमची जाते, असं मी कॉलेजांमधून बरीच वर्षं सांगत आले. व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या कामात व्याख्यानं ओघानेच येतात, आणि माझ्या व्याख्यानात एक चित्र हमखास असायचं. डावीकडे गुळगुळीत, भरीव मेंदू. उजवीकडे गांजा ओढणाऱ्याचा, जागोजागी खड्डे पडलेला. ते पडद्यावर आलं की सभागृह चिडीचूप व्हायचं. त्या शांततेवर माझा फार विश्वास होता.

एकदा व्याख्यान संपल्यावर इंजिनीअरिंगचा एक मुलगा मागे थांबला. हॉल रिकामा होईपर्यंत बॅगेच्या बंदाशी खेळत राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, मी रोज ओढतो. म्हणजे भोकं पडलीच असणार. मग आता सोडून तरी काय उपयोग?"

त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यानंतर मी ते चित्र नेमकं कशाचं आहे, हे मुळापासून वाचायला घेतलं.

ती तपासणी स्पेक्टची. शिरेतून थोडं किरणोत्सारी द्रव्य सोडतात. मेंदूच्या ज्या भागात रक्त जास्त, तिथे ते जास्त पोचतं आणि संगणक त्यावरून चित्र रंगवतो. ठरवलेल्या पातळीखालचा भाग चित्रात उमटतच नाही, म्हणून तिथे खड्डा दिसतो. प्रत्यक्षात तिथला मेंदू जागच्या जागी असतो, तिथला प्रवाह तेवढा तुलनेने कमी असतो. आणि कुठे किती रक्त जाणार, हे बरंचसं त्या घडीला कुठला भाग किती काम करतोय यावर ठरतं. पेट स्कॅनच्या अभ्यासांत तर ओढल्यावर लगेच कपाळामागच्या भागातला आणि लहान मेंदूतला प्रवाह वाढलेला दिसला, ऐकण्याशी संबंधित भागातला कमी झालेला. "रक्तपुरवठा आटतो" या माझ्या एका वाक्यात यातलं काहीच बसत नव्हतं.

काळजी करण्यासारखं काही नाही, असं मात्र मुळीच नाही. 2005 साली बाल्टिमोरच्या संशोधकांनी कानशिलाला डॉपलरचा प्रोब लावून मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजला. गांजा ओढणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांमध्ये प्रवाहाला होणारा विरोध वाढलेला होता. महिनाभर गांजा बंद ठेवल्यावर कमी ओढणाऱ्यांमध्ये तो सुधारला. जास्त ओढणाऱ्यांमध्ये सुधारला नाही. हा अभ्यास मी आजही सांगते, कारण त्यात भीती आणि आशा दोन्ही खऱ्या प्रमाणात आहेत.

तो मुलगा पुढे माझ्याकडे येत राहिला. पहिल्याच भेटीत मी त्याला पंधरा शब्द वाचून दाखवले: चावी, ढग, हळद, खुर्ची, असे साधेच. पहिले काही आणि शेवटचे काही त्याने पटापट सांगितले. मधले गायब. 'खुर्ची' त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण आधी सांगितल्याचंच त्याच्या लक्षात राहत नव्हतं. नवी गोष्ट साठवण्याचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचं. गांज्यातलं टीएचसी ज्या रिसेप्टरना चिकटतं ते तिथे दाटीने असतात, म्हणून पहिला मार तिथेच बसतो.

त्याने सोडला. सुरुवातीला झोप उडाली, जेवण जाईना, घरात सगळ्यांवर खेकसायला लागला. त्याची आई फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, हा तर सोडल्यावरच बिघडलाय." मी त्यांना एवढंच सांगितलं, की हे दिवस असेच असतात, तुम्ही फक्त टिकून राहा. काही आठवड्यांनी नवी यादी वाचली तेव्हा मधले शब्दही यायला लागले होते. हार्वर्डच्या हॅरिसन पोप यांनी 2001 मध्ये हेच नोंदवलं होतं: रोज ओढणारे पहिल्या आठवड्यात स्मरणाच्या चाचणीत मागे पडतात, 28 दिवसांनी तो फरक जवळजवळ पुसला जातो.

वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांचं सगळंच भरून येतं असं नाही. अमेरिकेत तरुणांचा 25 वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात, दर पाच वर्षांच्या सेवनामागे दोघांतला एक जण पंधरा शब्दांच्या यादीतला एक शब्द कमी सांगत होता. एकच शब्द. माझ्या चित्रातल्या खड्ड्यांपुढे तो किरकोळ वाटेल, पण तो खरा आहे.

एका बाबतीत माझं मत आधीपेक्षा कडक झालंय, ते म्हणजे वय. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये 1972-73 साली जन्मलेल्या 1,037 मुलांचा पाठपुरावा झाला. शाळकरी वयात सुरू करून पुढे वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यंक 38व्या वर्षापर्यंत सुमारे आठ गुणांनी घसरला, आणि नंतर सोडूनही तो पुरता परतला नाही. मोठेपणी सुरू करणाऱ्यांत अशी घसरण नव्हती. जुळ्या भावंडांवरच्या नंतरच्या अभ्यासांनी यावर प्रश्न उभे केले. घरची परिस्थितीही कारण असू शकते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते डावलता येणार नाही. पण पंधरा वर्षांच्या पोरावर हा वाद मिटेपर्यंत प्रयोग होऊ देणं मला मान्य नाही. शिवाय आजचा माल जुन्या गांज्यासारखा नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालातलं टीएचसी 1995 मधल्या सुमारे 4 टक्क्यांवरून 2014 पर्यंत सुमारे 12 टक्क्यांवर गेलं होतं.

म्हणून हल्ली मी कॉलेजांपेक्षा आठवी-नववीच्या पालकसभांना जास्त जाते. तिथे चित्रं दाखवत नाही, शब्दांची यादी वाचते. पोलिसांच्या धाकाने पोराला घरातच कोंडून ठेवणारे आई-बाप तिथे भेटतात. त्यांना सांगते, की एनडीपीएस कायद्यात 64-अ हे कलम आहे: व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे ऐकल्यावर सभा संपता संपता कुणीतरी पत्ता विचारायला पुढे येतं.